घेवडा कधी लावायचा

त्या गल्लीत अकरा घरं होती आणि अकरा घरांना अकरा परसं होती. पण परसात काय कधी लावायचं हे ठरवणारा हात एकच होता, आणि तो सिस्टरचा.

थंडी सरत आली की माणसं सकाळी दात घासता घासता कुंपणावरून सिस्टरच्या परसात डोकवायची. सिस्टर पहिल्या वाफ्यापाशी गुडघे टेकून बसलेली दिसली की ब्रश तोंडातच थांबायचा. ती उजवा हात मनगटापर्यंत मातीत घालायची, मनातल्या मनात शंभर आकडे मोजायची, हात बाहेर काढून फडक्याला पुसायची आणि म्हणायची, "नाही." मग सगळे चूळ भरायला मोकळे. असं आठ-दहा दिवस चालायचं. एका सकाळी ती म्हणायची, "लावा." त्या दिवशी संध्याकाळच्या आत अकरापैकी दहा परसांत घेवडा आणि काकडी मातीत गेलेली असायची. अकरावं परस टाइमकीपरचं. त्याची तऱ्हा वेगळी, त्याच्याकडे मग येऊ.

सिस्टरने चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती. गल्ली तिला सिस्टर म्हणायची, दूधवाला सिस्टर म्हणायचा. खुद्द नवराही तिला सिस्टरच म्हणायचा, आणि बिचारा जाईपर्यंत लोकांनी त्यावरून त्याची थट्टा केली. गल्लीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. पहिल्या भेटीत जिने आपल्याला उलटं धरून पाठीवर चापटी मारली, तिच्याशी घेवड्यावरून वाद घालायची कुणाची छाती होणार?

तिचं शास्त्र साधं होतं. ती म्हणायची, भाज्या दोन स्वभावाच्या. वाटाणा, पालक, मुळा ही गारठ्यातली पोरं, त्यांना थंडी बोचरी असतानाच मातीत ढकलायचं. ऊन तापलं की ती रुसतात. टोमॅटोची रोपं दीड महिना आधी खिडकीत वाढवायची आणि मग हळूहळू बाहेरच्या हवेला लावायची. कोथिंबीर एकदम सगळी पेरायची नाही. दर तीन आठवड्यांनी मूठभर पेरायची, नाहीतर सगळी मिळून एकाच वेळी फुलावर येते आणि आपण बघत बसतो. पुदिना कधीही लावा, पण कुंडीत. जमिनीत लावलात तर भाडेकरू म्हणून येतो आणि मालक होऊन बसतो. उरला घेवडा आणि काकडी. ही उबेची पोरं. यांना कॅलेंडर कळत नाही, यांना माती कळते. "तारीख कागदावर लिहायला असते," ती म्हणायची, "बाळ यायचं तेव्हाच येतं." नियम एकच होता: शंभर मोजेपर्यंत हाताला गार लागलं नाही की लावायचं.

वाफ्यांच्या कडेच्या भिंतीला ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला चिमटा लावलेला पुठ्ठा. त्यावर केसपेपर. नाव: मुळा. दाखल: अमुक तारीख. अपेक्षित: तमुक तारीख. तक्रार: पानं कुरतडली आहेत. सल्ला: राख भुरभुरणे. खाली शेऱ्याची मोकळी जागा. सून लग्न होऊन आली तेव्हा हे वाचून हसून हसून बेजार झाली होती. नंतर पाऊस आला की केसपेपर भिजू नयेत म्हणून तीच आधी पळायला लागली.

सून औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असायची. मुलगा पुलांच्या बांधकामावर, महिन्यातून दोनदा घरी. म्हणजे घरात खरं तर दोघीच, आणि आता तिसरं माणूस वाटेवर होतं. सुनेला सातवा महिना लागला होता. तिला स्वतःची आई नव्हती. बातमी कळली त्याच दिवशी ती सासूला म्हणाली होती, "आई, बाळाची अंघोळ तुम्हीच घालायची हं. मला भीतीच वाटते, सुटलं बिटलं हातातून तर?"

"मी आहे ना," सिस्टर म्हणाली होती. माळ्यावरचा एनॅमलचा टब त्याच संध्याकाळी खाली आला, घासला गेला आणि मोरीच्या भिंतीला टेकून बसला. हजारो परकी बाळं तिने न्हाऊ घातली होती. घरचं फक्त एक, मुलगा, आणि त्याच्या वेळी रजा पंधरा दिवसांची होती. आता तिला आयुष्यात फार काही नको होतं. हे एक बाळ तेवढं तिला आपल्या हातांनी न्हाऊ घालायचं होतं.

आणि नेमके हातच दगा देत होते.

साखर तिला दहा वर्षं होती, ती सगळ्यांना माहीत होती. तिच्यापायी आधी पायांची बोटं बधिर झाली. त्याचं तिने काही वाटून घेतलं नाही, पायांनी कुठे टाके घालायचे असतात? मग हातांची बोटंही बधिर झाली. एकदा गॅसवरचं पातेलं उचलताना तिला जळका वास आला, आणि तो आपल्याच बोटाचा आहे हे तिला डोळ्यांनी बघून कळलं. वॉर्डात सूज कुठवर चढली ते समजावं म्हणून कातडीवर पेनाने रेघ मारतात. तशी ती दर एक तारखेला दार लावून सेफ्टी पिनने हात टोचत वर जायची, आणि जिथे पहिल्यांदा टोचलेलं कळेल तिथे रेघ मारायची. पहिली रेघ बोटांच्या पेरांवर होती. या महिन्याची मनगटाच्या वर तीन बोटं. सिस्टर भर उन्हातही पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

तर त्या वर्षी तीन तारखेला, सकाळी सात वाजता, सिस्टरने वाफ्यात हात घातला. कुंपणावर सात-आठ डोकी होती. तिने शंभर मोजले. हाताला गार लागलं नाही.

आता, गार लागलं नव्हतं हे खरं. काहीच लागलं नव्हतं हेही तितकंच खरं. नियमात मात्र काहीच न लागण्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. नियम म्हणत होता, गार लागलं नाही की लावायचं. शिवाय दोन दिवस ऊन बरं पडलं होतं. शिवाय आठ माणसं तोंडात ब्रश धरून उभी होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मातीची ऊब या हाताला कळते असं तिला वाटायला हवं होतं. माती कळली तर पाणीही कळेल.

"लावा," सिस्टर म्हणाली.

"वहिनी, आज तीन तारीख," पलीकडून टाइमकीपर म्हणाला. हा माणूस कारखान्यात तीस वर्षं कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपत आला होता, आणि निवृत्त झाल्यावर हाताशी कामगार नसल्यामुळे भाज्यांच्या टिपत होता. त्याचा घेवडा दर वर्षी पंधरा तारखेला लागायचा, ऊन असो की गारा पडोत. सिस्टरच्या नवऱ्याचा दोस्त, म्हणून गल्लीत तिला वहिनी म्हणणारा तो एकटाच. "बारा दिवस लवकर होतंय. आमच्याकडे एवढ्या लवकर कोणी आला तर त्याला गेटबाहेर बसवत असू."

"भावजी, तुम्ही बसा गेटबाहेर," सिस्टर म्हणाली. सगळे हसले. दहा परसांत घेवडा लागला.

एक आठवडा गेला. दहा दिवस गेले. काकडी नाही, घेवडा नाही, हिरवं टिपूस नाही. तेरा तारखेला सिस्टरने खुरप्याने एक बी उकरून काढलं. ते फुगून बुळबुळीत झालं होतं आणि त्याला घाण येत होती. दुसरं तसंच, तिसरं तसंच. गार चिखलात बी असंच कुजतं, हे तिनेच लोकांना शंभरदा सांगितलं होतं.

पण गल्लीचा विश्वास बघा! सिस्टर चुकली असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. सगळ्यांचं एकमत झालं की बियाणंच जुनं होतं. कोपऱ्यावरच्या बियाणेवालीकडे चौघं-पाचजण गेले आणि तिला नाही नाही ते बोलून आले. ती बाई शपथा घेत होती, उरलेलं बी पाण्यात भिजवून दाखवते म्हणत होती, पण ऐकतंय कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी. सिस्टर तेव्हा भिंतीपाशी उभी राहून मुळ्याचा केसपेपर वाचत होती. पाच मिनिटं वाचत होती. मुळ्याच्या केसपेपरवर पाच मिनिटं वाचण्यासारखं काही नसतं.

तिला लाज वाटली. पण लाज गिळता येते, तिने गिळली. ऋतूच विचित्र आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. अंघोळीचं पाणी ती मापाने घेणार होती, एक तांब्या कढत, तीन तांबे गार. त्यात हाताचं काय काम?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून कामावरून आली. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. रोजच्यासारखं सिस्टरने तिच्यासाठी बादलीत कोमट पाणी काढलं. एक कढत, तीन गार. मध्येच मुलाचा फोन आला, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि परत आल्यावर गार तांबे दोन झाले की तीन ते तिला आठवेना. मग चौतीस वर्षांची सवय पुढे झाली. तिने पाण्यात हात घातला. गरम लागलं नाही.

"सोड गं पाय," ती म्हणाली.

सुनेने पाय सोडला आणि ती किंचाळलीच. बादली आडवी, पाणी मोरीभर. घोट्यापर्यंत पाय लालबुंद झाला होता. सिस्टरने तिला स्टुलावर बसवून नळाखाली पाय धरला, दहा मिनिटं. आग कमी झाल्यावर सून हसायलाच लागली. "आई, तुमचे हात आहेत का चिमटे? केवढं कढत होतं!"

सिस्टर हसली नाही. ती त्या पायाकडे बघत होती. पाय मोठ्या माणसाचा होता, चटका बसताच त्याने स्वतःला बाहेर काढलं. आठ दिवसांच्या बाळाला पाय बाहेर काढता येत नाही. त्याला ज्या पाण्यात ठेवाल त्या पाण्यात ते राहतं. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, रक्ताच्या थारोळ्यातसुद्धा नाही.

तिने पोलक्याची सेफ्टी पिन काढली, उघडली आणि सुनेच्या हातात दिली. बाही कोपराच्या वर सारली.

"टोच."

"काय?"

"बोटापासून सुरू कर. टोच म्हणते ना!"

सुनेने बिचकत टोचलं. बोट. तळवा. मनगट. दर वेळी ती सासूच्या तोंडाकडे बघायची आणि सासू मान हलवायची. मनगटाच्या वर पेनाची रेघ होती, तिच्या खाली पुसट झालेली आणखी एक. सून रेघेपाशी थांबली, मग जरा वर गेली.

"आई गं," सिस्टर म्हणाली. "इथे लागलं."

सिस्टरला वाटलं होतं ही रडेल, गळ्यात पडेल. सून रडली नाही. "हे मला कधी सांगणार होतात?" ती म्हणाली. "बाळ भाजल्यावर?"

"आज सांगितलं."

"आज माझा पाय भाजला म्हणून सांगितलंत." ती लंगडत आत गेली आणि दार लावून घेतलं. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर आहे हे सिस्टरला कळत होतं, म्हणून ती दारापाशी गेली नाही.

पंधरा तारखेला सकाळी कुंपणावर पुन्हा डोकी जमली. घेवडा दुसऱ्यांदा लावायचा होता, नवं बियाणं दूरच्या दुकानातून आणलं होतं. टाइमकीपर आपल्या परसात दोरी बांधून, भोकं पाडून, बी खिशात घेऊन तयार. सिस्टर बाहेर आली. बाही वर सारलेली होती, आणि रेघा सगळ्यांना दिसत होत्या.

"बी चांगलं होतं," ती म्हणाली. "जमीन गार होती आणि माझ्या हाताला कळली नाही. हाताला आता काहीच कळत नाही. तुम्ही त्या बाईला बोलून आलात, आणि मी उभी राहून ऐकलं. आधी तिच्याकडे जा. नवं बी तिच्याकडूनच आणा."

एका ब्रशवरून फेस कुंपणावर पडला. सून दारात उभी होती, पायाला मलम लावलेलं, चेहरा कालचाच.

मग सिस्टर वाफ्यापाशी बसली. वॉर्डात प्रत्येक नव्या आईला तिने एक गोष्ट शिकवली होती: पाणी हाताने बघू नका, कोपराने बघा. कामाचे हात निबर होतात, खोटं बोलतात, कोपर खोटं बोलत नाही. सगळ्यांना शिकवलं, स्वतः मात्र कधी केलं नाही. माझा हात म्हणजे थर्मामीटर, हा तिचा तोरा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती जवळजवळ आडवी झाली, तिने कोपर मातीत रुतवलं आणि शंभर मोजायला घेतले. चाळिसालाच तिने ते बाहेर काढलं.

"गार आहे," ती म्हणाली. "थांबा."

सगळ्यांनी टाइमकीपरकडे बघितलं. त्याने खिशातलं बी चाचपलं, घड्याळ बघितलं, पुन्हा बी चाचपलं. "पंधरा तारीख आहे, वहिनी," तो म्हणाला, पण जोर नव्हता. मग त्याने दोरी सोडली आणि गुंडाळून ठेवली. तीस वर्षांत ज्याने कुणाला पाच मिनिटांची सूट दिली नाही, तो घेवडा चार दिवस लेट लावायला तयार झाला.

त्याच दुपारी भिंतीवर एक खिळा वाढला. नवा केसपेपर. नाव: सिस्टर. तक्रार: दोन्ही हात बधिर, मनगटाच्या वर तीन बोटं. सल्ला: रुग्णाने बाळाला अंघोळ घालू नये. अक्षर नेहमीसारखं टपोरं आणि सरळ, खाडाखोड कुठे नाही. ते लिहायला तिला दीड तास लागला, हे कागदावरून कळत नव्हतं.

सुनेने तो केसपेपर त्याच संध्याकाळी वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. तिसऱ्या दिवशी मुळ्याला पाणी घालता घालता तिने कानावरचं पेन काढलं. सल्ल्यावर काट मारायचा मोह तिला झाला असणार, पण केसपेपरवर नातेवाइकांनी खाडाखोड करायची नसते, एवढं ती त्या घरात शिकली होती. खाली शेऱ्याच्या जागेत तिने लिहिलं: कोपर चालू आहे.

एकोणीस तारखेला कोपर शंभरपर्यंत मातीत राहिलं. सून शेजारी स्टूल टाकून बसली होती. वाकवत नव्हतं तरी तिने वाफ्याच्या कडेला स्वतःचा हात घातला आणि ओठ हलवत आकडे मोजले. "मला जरा गार लागतंय," ती नव्वदीला म्हणाली.

"तो वरचा ओलावा. खाली घाल बोटं."

"हं. आता नाही."

"लावा," सिस्टर म्हणाली. सहाव्या दिवशी अकराच्या अकरा परसांत घेवड्याने माती उचलली. टाइमकीपरने वहीत तारीख लिहिली आणि पुढे कंसात 'उशिरा, परवानगीने' असं लिहिलं.

बाळ डॉक्टरांच्या तारखेनंतर सहा दिवसांनी आलं. मुलगी. घरी आणली तेव्हा घेवड्याला पहिल्या कोवळ्या शेंगा धरल्या होत्या. नाळ पडून बेंबी सुकली तशी एका सकाळी सुनेने एनॅमलचा टब मोरीत मधोमध ठेवला. एक तांब्या कढत, तीन गार.

सिस्टर दारातच उभी राहिली. रेघ आता चार बोटांवर होती.

"आई, या ना. पाणी कोण बघणार?"

सिस्टर टबापाशी बसली. तिने बाही सारून कोपर पाण्यात बुडवलं. "अर्धा तांब्या गार घाल." घातला. "आता बघ तू." सुनेने आपलं कोपर बुडवलं. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली.

"आता डावा हात मानेखाली. असा नाही, काख धर, बोटं घट्ट. घाबरू नकोस, घट्ट धरलं तर मोडत नाही. आता घाल."

सुनेने बाळ पाण्यात घातलं. सुटलं नाही. सिस्टरचे हात मांडीवर होते, एकात दुसरा. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या हातातलं बाळ तिने इतका वेळ नुसतं कधी बघितलं नव्हतं. मांडीवरची बोटं मात्र आपोआप आपलं काम करत होती, मान धरत होती, मांड्यांच्या घड्या उलगडत होती, आणि ती त्यांना थांबवू शकत नव्हती.

"पाणी गार होतंय का बघा," सून म्हणाली.

सिस्टरने पुन्हा कोपर टबात घातलं. बाळाने तेवढ्यात पाय झाडला. ओली, गरम, इवलीशी टाच तिच्या हातावर आपटली, रेघेच्या चांगली वर.

"लागलं," सिस्टर म्हणाली.

"काय लागलं?"

"हिचा पाय," सिस्टर म्हणाली, आणि कोपर तिने पाण्यातून काढलं नाही. "लागला मला."